गाभण आहे का? सॅन वान बेटावर चार दिवस

दिवस पहिला, गुरुवार

सकाळी सातला अमेरिकेतल्या सिएटलहून निघालो. मी, सौ., मुलगी आणि जावई. माउंट व्हर्ननच्या आसपास स्कॅजिटचं खोरं लागतं, सपाट जमीन, दोन्ही बाजूंना शेती, आणि एका कुंपणाआड होल्स्टिन गाई चरत होत्या. जावयांना गाडी बाजूला घ्यायला लावली. तेहतीस वर्षं पशुवैद्य म्हणून सरकारी नोकरी केलेल्या माणसाची नजर गाय दिसली की आधी शेपटीखाली जाते आणि मग पोटाकडं, कुठली माजावर आहे, कुठली पोटाला आहे, कुठली भाकड. दोन मिनिटं उभा राहिलो. एक कालवड नक्की पाच महिन्यांची गाभण होती.

आता हे सगळं व्हेलच्या ट्रिपमध्ये कशाला, तर ट्रिपच त्यासाठी होती. मागच्या वर्षी मुलगी फोनवर सहज म्हणाली, बाबा, इथल्या ओर्का, म्हणजे किलर व्हेल, मादीला दिवस गेलेत का नाही ते तिच्या शीवरून कळतं, कुत्रा ती शी शोधून देतो. त्या रात्री मला झोप आली नाही. आयुष्यभर मी खांद्यापर्यंत मोजा चढवून जे हाताने केलं, ते ज्या जनावराला हात लावता येत नाही, दावं बांधता येत नाही, जे पाण्यातून मिनिटभर वर येतं आणि गायब होतं, त्याचं करायचं कसं? म्हटलं एकदा ती जागा बघायची.

अ‍ॅनाकॉर्टेसहून फेरी. गाडीसकट बोटीत चढायचं, तासाभराचा प्रवास, मधे झाडांनी भरलेली बेटं अगदी जवळून सरकत जातात. फ्रायडे हार्बर हे गाव एका उतारावर आहे, वीस मिनिटांत सगळं चालून होतं. दुपारी व्हेल म्युझियममध्ये गेलो, 1979 पासूनचं आहे, छोटंच, पण वरच्या मजल्यावर छताला सांगाडे टांगलेत त्याखाली उभं राहिलं की मान खाली होत नाही. पुढच्या परामध्ये हाताची पाच बोटं स्पष्ट दिसतात. आणि मागं, जिथं गाईचं कमरेचं हाड भक्कम असतं, तिथं व्हेलला दोन सुटे छोटे हाडाचे तुकडे, बस. मी सौ.ला दाखवत होतो की बघ, हिला कमरेच्या हाडाचा अडथळाच नाही, पिल्लू शेपटीकडून जरी आलं तरी सुटतं. गाईचं वासरू मागच्या पायाने आलं की आमची रात्र गेली म्हणून समजा. यांची बरीच पिल्लं शेपटीकडूनच जन्माला येतात.

इथल्या ओर्कांचं एक ठराविक कुटुंब आहे, सदर्न रेसिडेंट म्हणतात त्यांना. जे, के आणि एल असे तीन कळप. प्रत्येकाला नंबर आहे आणि नाव आहे, पाठीवरच्या पांढुरक्या डागावरून आणि पाठपराच्या आकारावरून ओळखतात. लेकी तर सोडाच, पोरंसुद्धा जन्मभर आईबरोबर राहतात, म्हणजे माहेर कधी सुटतच नाही. चाळिशीच्या आसपास मादीची पिल्लं व्हायची थांबतात आणि त्यानंतरही ती कितीतरी वर्षं जगते, आजी होते, मासे कुठं मिळतील ते तिला ठाऊक असतं आणि टंचाईच्या वर्षी तीच पुढं असते. हे वाचून सौ. तिथंच बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही, तिला तिची आजी आठवली असणार.

1995 साली ही सगळी मिळून 98 होती. आता 75 च्या आत. साठ-सत्तरच्या दशकात मरीन पार्कांसाठी यांचीच चाळीसच्या वर लेकरं पकडून नेली किंवा पकडताना मेली, त्यामुळं आज ज्या वयाच्या आया हव्या होत्या त्या वयातच खड्डा पडलाय. आमच्या भाषेत पैदाशीच्या माद्याच कमी.

दिवस दुसरा, शुक्रवार

आजचा अख्खा दिवस लाइम किल्न पॉइंटवर. बेटाच्या पश्चिमेला खडकाळ किनारा, 1919 चं पांढरं दीपगृह, समोर हॅरो सामुद्रधुनी आणि पलीकडं कॅनडा. पाणी किनाऱ्यालाच एकदम खोल होतं म्हणून ओर्का कधीकधी खडकाला लागून जातात, तिकीट न काढता, बोट न करता दिसतात. मड्रोना नावाची झाडं आहेत, साल कागदासारखी सुटते आणि आत गुळगुळीत तांबडं खोड, हात फिरवावासा वाटतो, मी फिरवला पण.

डबा घेऊन गेलो होतो, पोळी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. दुपारपर्यंत एक सील आणि भरपूर केल्प, म्हणजे समुद्रातलं लांब शेवाळ.

तिथं एक स्वयंसेवक मुलगी होती, गळ्यात दुर्बीण. मुलीने तिला सांगितलं की बाबा गाईचे डॉक्टर आहेत आणि त्यांना शेणाचं ऐकायचंय. ती पोरगी एवढी खुश झाली, म्हणाली लोक फक्त विचारतात की व्हेल कधी येणार. मग तासभर बसली आमच्याजवळ.

पद्धत अशी. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे सॅम वॉसर म्हणून शास्त्रज्ञ, त्यांनी 1997 पासून कुत्र्यांना जंगली जनावरांची विष्ठा हुंगून शोधायला शिकवलं. ओर्काच्या कामासाठी टकर नावाचा काळा लॅब्रॅडॉर जातीचा मिक्स कुत्रा होता. तो बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा. ओर्का पुढं निघून जातात, बोट त्यांच्या मागं बरंच अंतर ठेवून वाऱ्याला आडवी चालवायची, इकडून तिकडं, तिकडून इकडं. वाऱ्यावर वास आला की कुत्रा एकदम बदलतो, शेपटी, मान, नाळेवरून बाहेर झुकतो, आणि हाताळणारा माणूस त्याच्या नाकाची दिशा बघून चालकाला खूण करतो. वास निसटला की कुत्रा मागं वळून बघतो, की बोट वळवा. मैलभर लांबूनसुद्धा वास पकडलाय त्याने. हा टकर स्वतः पाण्यात उतरायला तयार नसायचा, ओलं व्हायला घाबरायचा, पण चेंडूसाठी काहीही. सापडलं की चेंडू, एवढंच बक्षीस.

आणि घाई असते. ही शी अर्धा तासभर पाण्यावर तरंगते, मग विरघळते किंवा बुडते. मी विचारलं दिसते कशी. ती म्हणाली हिरवट-तपकिरी, बुळबुळीत, कधी नाण्याएवढा तुकडा, वास जुन्या सॅमन माशाचा. लांब दांड्याच्या भांड्यात पाण्यासकट उचलायची, पाणी गाळून काढायचं, नळीत भरायची, बर्फात ठेवायची. मग लॅबमध्ये त्याच चिमूटभर शेणातून डीएनए काढून मादी कुठली ते समजतं, मासा कुठला खाल्ला ते समजतं, आणि हार्मोन.

इथं मला जरा थांबायचंय, कारण हा माझा विषय आहे. गाय भरवली आणि गाभ राहिला की बीजांडकोशावर एक पिवळा गोळा टिकून राहतो, कॉर्पस ल्युटियम, आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो. गाभ नसेल तर तो गोळा विसाव्या दिवसाच्या आत विरतो, प्रोजेस्टेरॉन पडतं आणि एकविसाव्या दिवशी गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. म्हणून दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजून बाविसाव्या-चोविसाव्या दिवशीच सांगता येतं की गाय रिकामी आहे का. हे हार्मोन चरबीत विरघळतं म्हणून दुधाच्या सायीत जास्त सापडतं. व्हेलमध्ये तोच गोळा, तेच हार्मोन, फरक एवढाच की दूध काढायला कोणी जाऊ शकत नाही. मग शरीराने वापरून फेकलेलं प्रोजेस्टेरॉन विष्ठेतून बाहेर पडतं ते मोजायचं. पोटाला असेल तर ते कितीतरी पट वाढलेलं दिसतं. ओर्कामध्ये बरोबर टेस्टोस्टेरॉन पण बघतात, ते गरोदरपणात चढत जातं आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले की साधारण कितवा महिना तेही कळतं. आणि महिने तरी किती, सतरा-अठरा! आपली म्हैस दहा महिन्यांत मोकळी होते.

(मी इथं गाभण लिहितोय आणि मुलगी म्हणते बाबा गरोदर लिहा. मला गाभण शब्दात काही कमी वाटत नाही. ज्या घरात गाय गाभण असते त्या घरात तिला सरकीचा पहिला घास मिळतो.)

आता आकडे. 2008 ते 2014, सात वर्षं, 79 वेगवेगळ्या ओर्कांचे मिळून 348 नमुने. पेपर 2017 साली आला. त्यात जे निघालं ते त्या पोरीने हळू आवाजात सांगितलं. हार्मोनवरून जेवढे गर्भ राहिलेले कळले त्यातले 69 टक्क्यांपर्यंत टिकलेच नाहीत. आणि त्या गेलेल्यांपैकी तिसरा हिस्सा उशिरा गेले, दिवस भरत आलेले असताना किंवा जन्मल्याबरोबर.

मी ते ऐकून उठलो आणि थोडं लांब जाऊन उभा राहिलो.

कारण किनाऱ्यावरून बघणाऱ्याला काय दिसतं, तर यंदा पिल्लं झाली नाहीत. मग माणूस म्हणणार माद्या माजावर येत नसतील, नर कमी असतील, वांझ असतील. दुष्काळी भागात शेतकरी मला हेच म्हणायचे, डॉक्टर, म्हैस लागतच नाही. लागलेली असते हो. लागते, राहते, आणि जाते. दोन-अडीच महिन्यांचा गाभ गेला तर गोठ्यात काही दिसतही नाही, रात्रीत पडतं आणि कुत्रं घेऊन जातं. हात घालून बघितलं की माझ्या बोटांना कळायचं, गर्भाशयाचं एक शिंग अजून थोडं जाड, ढिलं, आत पाण्याचा तो ताण नाही जो असायला हवा. साठ दिवसांचा जिवंत गाभ बोटांत धरला तर पाणी भरलेल्या फुग्यासारखा हलकासा परत ढकलतो. तो ढकलणं बंद झालेलं मी 2012-13 च्या दुष्काळात, चारा छावण्यांच्या वर्षी, इतक्यांदा अनुभवलंय. एका बाईची खिलार गाय सातव्या महिन्यात गाभडली, छावणीत, माझ्यासमोर. बाई रडली नाही, तिने पदराने गाईचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, डॉक्टर, तिला खायलाच नव्हतं, ती कशी सांभाळणार. माझ्या तेहतीस वर्षांत एवढं बिनचूक निदान कुठल्या लॅबने दिलेलं नाही.

आणि इथल्या लॅबने तेच दिलंय. त्याच विष्ठेत आणखी दोन हार्मोन मोजले, एक थायरॉइडचं टी-थ्री आणि एक ताणाचं, ग्लुकोकॉर्टिकॉइड. ताणाचं हार्मोन भुकेनेही वाढतं आणि बोटींच्या त्रासानेही, मग ओळखायचं कसं? तर टी-थ्रीवरून. पोटाला मिळालं नाही की शरीर स्वतःची शेगडी मंद करतं, टी-थ्री उतरतं. क्षणिक भीतीने तसं होत नाही. ज्या माद्यांचे गर्भ गेले त्यांच्यात भुकेच्या खुणा स्पष्ट होत्या. यांचं खाणं म्हणजे मुख्यतः चिनूक सॅमन, वसंतात कोलंबिया नदीकडं जाणारा आणि उन्हाळ्याच्या शेवटी फ्रेझर नदीकडं जाणारा, आणि दोन्ही थवे पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यात भर म्हणजे यांच्या चरबीत पीसीबीसारखी कारखानी रसायनांची विषं साठलेली, पोटभर खाल्लं तर ती चरबीत पडून राहतात, उपाशी राहिली की चरबी वितळते आणि विष रक्तात. किटोसिस झालेली गाय ज्याने बघितलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, चरबी जाळून जगणाऱ्या जनावराच्या रक्तात काय काय येतं ते.

संध्याकाळी सातपर्यंत थांबलो. ओर्का आल्या नाहीत.

दिवस तिसरा, शनिवार

बोटीची सफर. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी 2025 पासून नियम आहे, सदर्न रेसिडेंटपासून 1000 यार्ड लांब राहायचं, म्हणजे जवळपास किलोमीटर, त्यामुळं टुरिस्ट बोटी त्यांना दाखवतच नाहीत. फार चांगलं केलं. माजावर आलेली म्हैस आणि व्यायला झालेली गाय यांच्याभोवती गर्दी करू नये हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

दिसल्या त्या दुसऱ्या जातीच्या, बिग्ज म्हणतात, या मासे खात नाहीत, सील खातात, आणि सील भरपूर आहेत म्हणून यांची संख्या वाढतेय. एकच पाणी, शेजारी शेजारी दोन घरं, एकात लेकरांचा गोंधळ आणि दुसऱ्यात पाळणा रिकामा. चार जणी होत्या, त्यांच्यात एक अगदी लहान, पांढऱ्या जागी केशरट झाक असलेलं पिल्लू, आईच्या कुशीला चिकटून. बोटीने इंजिन बंद केलं तेव्हा श्वास ऐकू आला. फस्स करून जोरात बाहेर, आणि मग छोटासा आत ओढलेला. आईचा मोठा, लगेच मागून पिल्लाचा बारका. फस्स, फुस. फस्स, फुस. हा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. वारा आमच्याकडं होता, वास आला, माशाच्या टोपलीसारखा.

गाईडला विचारलं श्वासातून पण तपासतात का, तर हो, फवाऱ्याचे थेंब गोळा करून हार्मोन मोजायचे प्रयोग झालेत, पण त्यात पाणी किती मिसळलंय ते कळत नाही. जास्त भरवशाची पद्धत म्हणजे चरबीचा तुकडा. धनुष्यासारख्या क्रॉसबोने पोकळ टोकाचा बाण मारायचा, तो कातडी आणि खालच्या चरबीचा बोराएवढाही नाही असा तुकडा घेऊन पाण्यात पडतो, तरंगतो, उचलायचा. दुधाच्या सायीत जे हार्मोन सापडतं तेच इथं चरबीत. मिंकी व्हेल, डॉल्फिन, हंपबॅक सगळ्यांत हे करून झालंय. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या हंपबॅकचं 2010 ते 2016 असं केलं, त्यात माद्यांपैकी 63.5 टक्के गाभण निघाल्या, 2010 ला 36 टक्के आणि 2014 ला 86 टक्के. अंगावर पिणारं पिल्लू असताना पुन्हा गाभण अशाही बऱ्याच. एके काळी शिकारीने संपवत आणलेलं जनावर, आणि पोटाला क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, मिळालं तर वेतावर वेत देतंय. मला त्या आकड्याने एवढा आनंद झाला की बोटीवर जावयांच्या पाठीवर थाप मारली, ते दचकले.

पण रेसिडेंटसारख्या मूठभर उरलेल्या माद्यांना बाण कशाला मारायचा, म्हणून तिथं शेणच बरं. कुत्र्याची पद्धत याआधी पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेलसाठी वापरली, न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमच्या रोझालिंड रोलंड यांनी, बे ऑफ फंडीत. त्यांच्याकडं सप्टेंबर 2001 चे नमुने होते. अमेरिकेवरच्या त्या दहशतवादी हल्ल्यानंतर जहाजं काही दिवस थांबली, समुद्र शांत झाला आणि व्हेलच्या विष्ठेतलं ताणाचं हार्मोन खाली आलं. म्हणजे एरवी त्या रोजच ताणात जगतायत, आणि शांतता मिळाली ती माणसं मेली म्हणून.

रात्री मुलीने फोनवर जे-35 चे फोटो दाखवले. तालेक्वा नाव तिचं. 24 जुलै 2018 ला पिल्लू झालं, अर्ध्या तासात मेलं, आणि ती ते डोक्यावर, नाकावर तोलत 17 दिवस हिंडली, हजार मैलांच्या आसपास. बुडालं की खोल सूर मारून पुन्हा वर आणायची. आपल्याकडं वासरू मेलं की गाय पान्हा चोरते म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून समोर उभं करायचे, गाय ते चाटते. मी ते करू दिलंय शेतकऱ्यांना. आज रात्री मला ते आठवून बरं वाटलं नाही.

2020 मध्ये ड्रोनच्या फोटोंवरून कळलं की तालेक्वा पुन्हा पोटाला आहे, वरून बघितलं की पाठपराच्या मागं कमरेत रुंद दिसते, गाईची कूस फुगते तसंच. सप्टेंबरात पिल्लू झालं, ते जगलं. डिसेंबर 2024 ला आणखी एक झालं, ते काही दिवसांत गेलं, आणि तिने तेही वाहिलं.

सौ. म्हणाली फोन बंद करा आता.

दिवस चौथा, रविवार

फेरी दुपारची होती, म्हणून सहालाच परत लाइम किल्नला. धुकं. आठच्या सुमाराला ते विरायला लागलं आणि शुक्रवारचीच ती स्वयंसेवक मुलगी पळत आली, बोट दाखवून. लांब, फारच लांब, हॅरोच्या मध्यावर काळे पर. दुर्बिणीतून एक उंच नराचा, बाकी वाकलेले माद्यांचे. पाच मोजले, मग सहा. ती म्हणाली जे कळप असावा. दुर्बीण माझ्या हातात दिली आणि मी सवयीने पोट शोधायला लागलो. दिसत नाही हो. पाण्याच्या वर फक्त पाठ आणि पर येतो, कूस सगळी खाली. त्यातली एखादी गाभण असेल, नसेल, असून चार महिन्यांनी नसेल. दहा मिनिटं दिसल्या आणि दक्षिणेकडं गेल्या.

धुकं पूर्ण गेल्यावर दक्षिणेला ऑलिंपिक पर्वत उघडा पडला, वर बर्फ. ती मुलगी म्हणाली तिकडून एल्व्हा नदी येते. तिच्यावर दोन धरणं होती, 1913 चं आणि 1927 चं, सॅमनची वाट शंभर वर्षं अडलेली. 2011 ते 2014 मध्ये दोन्ही पाडली. आता चिनूक धरणांच्या जागेच्या वर जाऊन अंडी घालतो. मी तिला विचारलं, ते मासे यांच्यापर्यंत पोचतात का. ती म्हणाली, याच पाण्यातून जातात.

मी तिला छावणीतल्या त्या बाईचं सांगितलं, मुलीने भाषांतर केलं. मग तिघंही त्या डोंगराकडं बघत उभे राहिलो. फेरीची वेळ झाली तसे निघालो, डब्यात उरलेल्या दोन पोळ्या गाडीत खाल्ल्या.